बालरुग्णांच्या शुश्रूषेंत खेळाचें स्थान

घरांतील मूल आजारी पडलें म्हणजे सारें घर आजारी पडतें, हा अनुभव आपणांपैकीं प्रत्येकास आहे. ताप उतरूं लागला, कीं तें मूल प्रथम अन्न मागत नाहीं. उशाशीं पडलेली बाहुली मागतें. पोर पुन्हां खेळूं लागलें म्हणजे दुखणें गेलें असें समजावें, हा आपल्या आजीबाईंचा जुना ठोकताळा आहे आणि त्यांत पुष्कळ तथ्य आहे. परंतु खेळ हें बरें झाल्याचें केवळ लक्षण आहे, कीं बरें होण्याचें एक साधनही आहे? या प्रश्नाचें उत्तर शोधावयास सुधारलेल्या जगास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. महोत्सवाच्या अंकांत बहुधा मागील पिढ्यांनीं काय बांधिलें याचा हिशेब मांडला जातो. येथें ज्यांचा वृत्तांत सांगावयाचा आहे त्यांनीं इमारती थोड्या बांधिल्या. त्यांनीं एक रीत बदलली. ती रीत बदलण्यापूर्वीं किती बालकांनीं किती अश्रु ढाळले, याची नोंद कोणत्याही वहींत नाहीं.

केवळ मुलांसाठीं असें वेगळें इस्पितळ ही कल्पनाच मुळीं अर्वाचीन आहे. पॅरिस शहरीं इ. स. १८०२ मध्यें असें इस्पितळ स्थापन झालें. लंडनला त्याचें अनुकरण करावयास आणखी पन्नास वर्षें लागलीं. डॉ. चार्ल्स वेस्ट यांच्या खटपटीनें १८५२ च्या फेब्रुवारींत ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथें बाल-इस्पितळाचें दार उघडलें, तेव्हां त्यांत अवघ्या १० खाटा होत्या. वेस्ट हे निष्णात वैद्य तर होतेच. परंतु आजारी मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ रोगी नव्हे, त्याचें मन वेगळें, त्याची भाषा वेगळी, हें त्यांनीं ओळखलें होतें. बालरुग्णांची शुश्रूषा कशी करावी यावर त्यांनीं १८५४ सालीं परिचारिकांकरितां एक स्वतंत्र पुस्तकही लिहिलें.

या इस्पितळास ज्यांनीं लोकांपुढें आणिलें त्यांत कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांचें नांव अग्रभागीं येतें. १८५८ सालीं एका भोजनसमारंभांत त्यांनीं केलेल्या भाषणामुळें ३,००० पौंडांहून अधिक निधि जमला. पुढें १८६५ सालीं पूर्ण झालेल्या ‘अवर म्यूच्युअल फ्रेंड’ या कादंबरींत त्यांनीं जॉनी नांवाचें एक पोरकें मूल मुलांच्या इस्पितळांत आणिलें आहे. त्याच्या खाटेस जोडलेल्या छोट्या फळीवर त्याचा लाकडी घोडा, नोहाचें तारूं व एक पिवळा पक्षी अशीं खेळणीं मांडून ठेविलेलीं असतात. आणि मरणापूर्वीं तें मूल आपलीं तीं सर्व खेळणीं शेजारच्या खाटेवरील पाय मोडलेल्या मुलास देऊन टाकतें. कथा कल्पित खरी. पण आजारी मुलाच्या खाटेवर खेळण्यास जागा असावी ही जाण त्या काळींही कांहीं हृदयांत होती, एवढें यावरून निश्चित दिसतें.

आपल्या कॅथॉलिक वाचकांस अधिक जवळची वाटेल ती कथा रोम शहराची. तेथील ‘बाळ येशू इस्पितळ’, म्हणजे बांबिनो जेझू, इ. स. १८६९ मध्यें डचेस आराबेला साल्व्हियाती यांनीं पॅरिसच्या नमुन्यावर स्थापिलें. परंपरा अशी सांगते कीं, त्याचें मूळ भांडवल म्हणजे त्यांच्या स्वतःच्या मुलांनीं साठविलेल्या पैशांचा डबा होय. आजारी गरीब मुलांस औषधोपचार मिळावे म्हणून त्या मुलांनीं तो आईच्या हातीं भेट म्हणून ठेविला. प्रारंभीं खाटा चार, रुग्ण चार, त्याही मुलीच. आणि शुश्रूषेस संत व्हिन्सेंट द पॉल यांच्या धर्मभगिनी. पुढें इस्पितळ वाढलें, जानिकुलम टेकडीवर गेलें आणि १९२४ सालीं साल्व्हियाती कुटुंबानें तें परमगुरुपीठास अर्पण केलें. एका थोर इस्पितळाचे पहिले देणगीदार लहान मुलें होतीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. कारण पुढील सर्व वृत्तांतांत मोठीं माणसें जें विसरलीं, तें मुलांस मात्र ठाऊक होतें असें पुनःपुन्हां आढळतें.

आपल्या मुंबईंत परळ येथें वाडिया कुटुंबाच्या दानशीलतेनें उभें राहिलेलें बाई जेरबाई वाडिया बाल-इस्पितळ १९२९ सालीं सुरू झालें. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं ‘पीटर पॅन’ या जगप्रसिद्ध बालनाटकाचे लेखक जे. एम. बॅरी यांनीं त्या कृतीचे सर्व हक्क ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या इस्पितळास दान केले. म्हणजे एका खेळकर कल्पनेच्या उत्पन्नावर आजारी मुलांच्या औषधांचा खर्च निघूं लागला. परंतु त्या औषधांबरोबर खुद्द खेळही वॉर्डांत जावा, हा विचार अद्याप रुजला नव्हता. उलट, ज्या काळांत इस्पितळें शास्त्रशुद्ध झालीं त्याच काळांत तीं मुलांच्या दृष्टीनें अधिक कठोर झालीं.

याचें कारण निर्दयता नव्हे. घटसर्प, लोहितज्वर, गोवर अशा सांसर्गिक रोगांनीं एकेका वॉर्डांतील मुलें पटापट दगावत. बाहेरून येणारा प्रत्येक मनुष्य रोगाचा वाहक ठरूं शके. म्हणून दार बंद करणें हेंच शहाणपण मानलें गेलें. खेळण्यांवरही जंतु राहतात, म्हणून खेळणीं कपाटांत गेलीं. यावर आणखी एका अनुभवाची भर पडली. आई भेटून परत निघाली म्हणजे मूल आक्रोश करी. ती आलीच नाहीं तर कांहीं दिवसांनीं तें गप्प होई. परिचारिकांस वाटे, मूल रुळलें. त्या मौनाचा अर्थ कोणी विचारला नाहीं. १९४९ सालीं लंडनमधील मोठ्या इस्पितळांच्या भेटीच्या वेळांची पाहणी झाली, तेव्हां असें आढळलें कीं एके ठिकाणीं रविवारीं दोन तास, दुसऱ्या ठिकाणीं बुधवारीं दीड तास, एवढीच भेट होती. एका इस्पितळांत पहिला महिनाभर भेट मुळींच नाहीं; आईबापांनीं सायंकाळीं सात ते आठच्या दरम्यान यावें आणि झोंपलेलें मूल पाहून परत जावें. अन्यत्र तीन वर्षांखालील मुलांस केवळ आडभिंतींतून पाहावयाची मुभा होती. ज्यांनीं हे नियम पाळिले त्या परिचारिका मुलांच्या वैरी नव्हत्या. त्यांनीं रात्रीचा दिवस करून त्यांचे प्राण वाचविले. म्हणूनच हा इतिहास विचार करावयास लावणारा आहे. प्रेमळ माणसेंही नियमाच्या ओझ्याखालीं बालकाचें दुःख पाहूं शकलीं नाहींत.

कांहींनीं तें पाहिलें. इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें डॉ. जेम्स स्पेन्स यांनीं १९२५ पासून आपल्या अर्भक-इस्पितळांत आईसही मुलाबरोबर राहावयास जागा दिली, आणि मुलाची शुश्रूषा तिच्याच हातून करविली. शास्त्राचें त्यामुळें कांहीं बिघडलें नाहीं. तथापि हें उदाहरण दीर्घकाळ एकाकी राहिलें. पुढचें पाऊल ज्यानें टाकिलें तो मनुष्य वैद्य नव्हता. जेम्स रॉबर्टसन हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ॲना फ्रॉइड यांनीं लंडनमध्यें चालविलेल्या बालगृहांत बॉयलर सांभाळण्याचें व किरकोळ दुरुस्तीचें काम करीत होते. तेथें मुलांचें निरीक्षण करण्याची शिस्त त्यांनीं आत्मसात केली. १९४८ सालापासून ते मानसशास्त्रज्ञ जॉन बोल्बी यांच्याकडून इस्पितळांतील लहान मुलांची पाहणी करावयास नेमले गेले. त्यांना दिसलें तें असें : मूल प्रथम रडून, ओरडून आईस शोधतें, मग निराश होऊन निपचित पडतें, आणि शेवटीं शांत व हंसरें दिसूं लागतें, पण तेव्हां आई आली तरी तिच्याकडे तोंड फिरवितें. ज्यास वॉर्डांत ‘रुळणें’ म्हणत, तें वास्तविक मुलाच्या विश्वासाचें मोडणें होतें.

शब्दांवर कोणी विश्वास ठेवीना, म्हणून रॉबर्टसन यांनीं एक साधा कॅमेरा घेतला. ‘दोन वर्षांची मुलगी इस्पितळांत जाते’ अशा अर्थाच्या नांवाचा त्यांचा चित्रपट १९५२ सालीं दाखविला गेला. बेंबीच्या हर्नियाच्या लहानशा शस्त्रक्रियेसाठीं आठ दिवस इस्पितळांत राहिलेली ती बालिका होती. निवडक क्षणच टिपले असा आरोप येऊं नये, म्हणून चित्रण रोज ठरलेल्या वेळीं केलें आणि भिंतीवरील घड्याळही त्यांत दिसूं दिलें. मुलगी फारशी रडत नाहीं. ती आपला अस्वल-बाहुला आणि घरून आणिलेला पांघरुणाचा तुकडा घट्ट छातीशीं धरून बसते. जणूं घर म्हणून तिच्याजवळ एवढेंच उरलें होतें. लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्यें हा चित्रपट दाखविला तेव्हां पुष्कळ वैद्यांस संताप आला. आपल्या व्यवसायाची बदनामी होते असें त्यांस वाटलें. परंतु ज्यांनीं तो पाहिला त्यांस दुसऱ्या दिवशीं आपल्याच वॉर्डांतील गप्प मुलें वेगळीं दिसूं लागलीं.

सात वर्षांनीं, १९५९ सालीं, अस्थिशल्यविशारद सर हॅरी प्लॅट यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें ब्रिटिश सरकारास अहवाल सादर केला. आईबापांस मुलाकडे केव्हांही येतां यावें, शक्य तेथें आईस राहतां यावें, आणि मुलांस खेळ व शिक्षण यांची सोय असावी, अशा त्यांतील शिफारशी होत्या. अहवाल कपाटांत पडूं नये म्हणून १९६१ सालीं लंडनमधील कांहीं मातांनीं संघटना स्थापून इस्पितळांच्या दारांवर धक्के देण्यास प्रारंभ केला. सरकारी कागदास पाय फुटले ते या मातांमुळें.

आई जवळ आली, तरी एक प्रश्न उरलाच. दिवसभर खाटेवर पडून राहणाऱ्या, सुया व पट्ट्या सोसणाऱ्या मुलाच्या मनांत जें सांचतें त्याचें काय करावयाचें? याचें उत्तर देणाऱ्यांत एम्मा प्लँक यांचें स्थान मोठें आहे. त्या मूळच्या व्हिएन्ना शहरच्या व माँटेसरी पद्धतीच्या शिक्षिका होत्या. नात्सी राजवटीमुळें १९३८ सालीं त्यांस देश सोडून अमेरिकेंत जावें लागलें. पोलिओच्या विषाणूवरील संशोधनाबद्दल १९५४ चें नोबेल पारितोषिक ज्यांस विभागून मिळालें ते डॉ. फ्रेडरिक रॉबिन्स त्या वेळीं क्लीव्हलँड येथील नगर-इस्पितळांत बालविभागाचे प्रमुख होते. दीर्घकाळ इस्पितळांत राहणाऱ्या मुलांच्या मनाची काळजी घेण्याकरितां त्यांनीं १९५५ सालीं प्लँकबाईंस बोलाविलें. ज्यांनीं पोलिओच्या विषाणूस प्रयोगशाळेंत वाढविण्याची युक्ति शोधली, त्यांनाच औषधानें सर्व काम भागत नाहीं असें वाटावें, हें अर्थपूर्ण आहे. प्लँकबाईंनीं आपला अनुभव १९६२ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला, आणि अमेरिकेंत या कामाचा एक स्वतंत्र व्यवसायच निर्माण झाला. स्वीडनमध्यें इव्होनी लिंडक्विस्ट यांनीं १९५६ सालीं उमेओ येथील इस्पितळांत असेंच काम आरंभिलें. आणि १९७७ पासून त्या देशांत इस्पितळांतील मुलांस खेळाची सोय देणें कायद्यानें बंधनकारक झालें. इंग्लंडांत ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेच्या सूझन हार्वी यांनीं १९६३ पासून वॉर्डांत खेळवर्ग चालविण्यास प्रारंभ केला.

माँटेसरीबाईंचें नांव आलें म्हणून सांगावयाचें कीं, या वृत्तांताचा एक धागा आपल्या देशांतून जातो. डॉ. मारिया माँटेसरी ह्या स्वतः वैद्य होत्या. १९३९ सालीं त्या मद्रासेस आल्या, आणि महायुद्धामुळें १९४६ पर्यंत त्यांचें वास्तव्य हिंदुस्थानांत झालें. मुलाचा खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय नसून तें त्याचें काम आहे, ही दृष्टि त्यांच्या शिष्यांनीं येथें पसरविली. तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं खेड्यांतील मुलांसाठीं बालशिक्षणाचें केंद्र सुरू केलें आणि पुढें १९५७ सालीं तें कोसबाडला नेलें, तें याच विचाराच्या प्रेरणेनें. अनुताई वाघ यांनीं तें कार्य पुढें चालविलें. पाने, शंख, शिंपले, बिया अशा आसपासच्या वस्तूंतून मुलांसाठीं साधनें तयार करण्याची त्यांची युक्ति गरिबांच्या वॉर्डांसही उपयोगी पडण्यासारखी आहे.

आतां खेळ नेमकें करतो काय, हें पाहूं. मुलाच्या भीतीचीं मुळें तीन. पहिलें, अज्ञात : ही चकचकीत वस्तु काय आहे आणि माझें काय करणार? दुसरें, असहायता : मोठीं माणसें मला धरतात व माझ्या अंगास हवें तें करतात. तिसरें, चुकीचा अर्थ : लहान मुलास पुष्कळदां वाटतें कीं, मीं कांहीं खोडी केली म्हणून ही शिक्षा. या तिहींवर खेळाचा उपाय चालतो. शस्त्रक्रियेपूर्वीं मुलास खरी पट्टी, सुई नसलेली पिचकारी, खरा स्टेथॉस्कोप हाताळूं देतात आणि कापडी बाहुलीवर तोच उपचार करून दाखवितात. म्हणजे अज्ञात तें ज्ञात होतें. मग मूल स्वतः डॉक्टर बनतें व बाहुलीस टोचतें. जें सोसलें तें आतां तें करितें, आणि असहायता कमी होते. बाहुलीशीं बोलतांना तें सहज म्हणून जातें, “तूं हट्ट केलास म्हणून तुला टोचलें”; तेव्हां ऐकणाऱ्या शहाण्या परिचारिकेस मुलाच्या मनांतील कांटा सांपडतो आणि तो काढतां येतो. आपल्या अंगणांतील भातुकली आणि ‘डॉक्टर-डॉक्टर’ यांत हें सर्व आहेच. नवें आहे तें इतकेंच कीं, त्याकडे कोणीतरी जाणतेपणानें पाहतें.

प्रत्यक्ष टोचण्याच्या क्षणीं मात्र निराळी रीत लागते. साबणाचे बुडबुडे फुंकावयास देणें, भिंगरी फिरविणें, गोष्ट रंगांत आणून तिच्या मध्यावर सोडणें, अशानें लक्ष दुसरीकडे वळतें, आणि श्वास लांब घेतल्यानें अंगाचा ताठरपणा जातो. सुईच्या वेदनेवर मानसिक उपायांचा काय परिणाम होतो, याविषयीं ५९ चाचण्यांचा एकत्र विचार करणारें परीक्षण २०१८ सालीं प्रसिद्ध झालें. लक्ष वळविण्यानें वेदना व त्रास कमी होण्यास मदत होते असें त्यांत आढळलें, जरी पुराव्याचा दर्जा फार भक्कम नाहीं असेंही परीक्षकांनीं प्रामाणिकपणें नोंदविलें. म्हणून अतिशयोक्ति करूं नये. खेळ वेदनाशामक औषधाची जागा घेत नाहीं, तो रोग बरा करीत नाहीं. आणि ज्या मुलास नको असेल त्यावर खेळही लादूं नये. जाणत्या वॉर्डांत आणखी एक नियम पाळतात : खेळण्याच्या खोलींत कोणी सुई घेऊन यावयाचें नाहीं. मुलास जगांत एक तरी निर्भय जागा पाहिजे.

या जाणिवेस पुढें जगानें हक्काचें रूप दिलें. नेदरलँड्समधील लायडन येथें १९८८ सालीं युरोपांतील संघटनांनीं इस्पितळांतील मुलांच्या हक्कांची दहा कलमी सनद तयार केली; तींत आईबापांची सोबत आणि खेळ या दोहोंस स्थान आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमानें खेळ हा प्रत्येक बालकाचा हक्क मानिला, आणि भारतानें ती संहिता १९९२ सालीं स्वीकारिली. तथापि कागदावरील हक्क किती लवकर पुसट होतो, हें २०२० सालच्या करोनाच्या साथींत दिसलें. संसर्गाच्या भयानें जगभर भेटींवर पुन्हां निर्बंध आले, खेळण्याच्या खोल्या बंद झाल्या. भय खरें होतें. पण जुनी चूक किती जवळ उभी असते, हेंही त्यानें दाखविलें.

आपल्याकडील स्थिति युरोपाहून निराळी आहे. आपल्या इस्पितळांत मुलाजवळ बहुधा आई, आजी किंवा मावशी असतेच; ही आपली मोठी पुण्याई आहे. परंतु सोबत आहे म्हणून भीति नाहीं असें नव्हे. कधीं कधीं भीतीचें बीज आपणच पेरतों. “रडलास तर डॉक्टर सुई टोंचतील” ही धमकी आपल्या कित्येक घरांत रोज ऐकूं येते. ज्याच्या हातून बरें व्हावयाचें त्यासच आपण मुलापुढें राक्षस करून उभें करतों, आणि मग मूल दवाखान्याच्या पायरीशीं किंचाळतें म्हणून त्यासच रागें भरतों. “मुळींच दुखणार नाहीं” हें दुसरें असत्य. तें एकदां उघडें पडलें, कीं पुढें खरें सांगितलें तरी मूल ऐकत नाहीं. “थोडें दुखेल, मी तुझा हात धरून राहीन, आणि तें लवकर संपेल” एवढें सत्य पुरें आहे.

करावयाचें तें फारसें खर्चाचें नाहीं. मूल इस्पितळांत जातांना त्याची स्वतःची बाहुली, त्याचा चेंडू, त्याची नेहमींची गोधडी बरोबर द्यावी. नवें महागडें खेळणें त्यापुढें फिकें आहे. आदल्या दिवशीं घरींच त्या बाहुलीस पट्टी बांधून खेळावें. इस्पितळास खेळणीं भेट द्यावयाचीं असतील तर तीं धुतां येतील अशीं, टोंकें नसलेलीं, आणि परिचारिकांस आधीं विचारून द्यावीं. कारण जंतूंचें जुनें भय निराधार नव्हतें. आपल्या तरुण मंडळांस व महिला मंडळांस आठवड्याचा एक तास वॉर्डांत गोष्ट सांगण्यास देतां येईल. मात्र दिलेला शब्द मोडूं नये, कारण वाट पाहून निराश झालेलें आजारी मूल पुन्हां विश्वास ठेवावयास कचरतें. आणि आपल्या मुलांसही या कामांत घ्यावें. रोममधील तो पैशांचा डबा मुलांनींच भरला होता.

गेल्या पाऊणशें वर्षांत औषधें पुष्कळ निघालीं. पूर्वीं ज्या रोगांनीं घरेंच्या घरें ओस पडत, ते आज लशीनें टळतात. याबद्दल ईश्वराचे व शास्त्राचे दोघांचेही आपण ऋणी आहोंत. पण मुलाच्या मनावर लस नाहीं. त्याच्या भीतीशीं त्याच्याच भाषेंत बोलावें लागतें, आणि ती भाषा खेळाची आहे. वैद्यानें, परिचारिकेनें, आईबापांनीं आणि शेजाऱ्यानें ती थोडी थोडी शिकावी. येत्या वर्षांत आपल्या धर्मग्रामांतील एकाही बालकास इस्पितळाच्या खाटेवर रिकाम्या हातांनीं पडून राहावें लागूं नये, एवढें जरी आपण साधलें, तरी हा महोत्सव सार्थ झाला असें आम्हांस वाटेल.